हजार पृथ्व्या, एक बंधारा

जुन्या सालांचा पाऊस सांगणारा 'मागोवा' लोकांसाठी खुला झाला आणि दीड वर्षात आमच्या पुण्याच्या संस्थेच्या दाराशी भांडकुदळ माणसांची रीघ लागली. बरं, भांडणं आजकालची असती तर पोलीसचौकी होतीच. ही सगळी दोनशे-तीनशे वर्षांची मुरलेली भांडणं. कोकणातल्या दोन देवळांचे मानकरी आले; एका दुष्काळी साली अवचित पडलेला पाऊस कुणाच्या देवीने आणला, हे त्यांना ठरवून हवं होतं. एक निवृत्त कर्नल आले. त्यांच्या पूर्वजाची तुकडी लढाईला उशिरा पोचली होती. नदीला पूर होता म्हणून, की पूर्वजाने कच खाल्ली म्हणून, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, "साहेब, आम्ही सालाचा पाऊस सांगतो, त्या दिवसाचा नाही." ते म्हणाले, "मग कसलं तुमचं शास्त्र?" आणि अर्धा चहा तसाच टाकून गेले.

मी मंदाकिनी देवरे, मागोवा ज्या गटाने तयार केला त्याची प्रमुख. एकोणसाठ वर्षांची, निवृत्ती तोंडावर आलेली, आणि लोकांच्या खापरपणजोबांची अब्रू सांभाळायची हौस अजिबात नसलेली. भांडण दुसऱ्याच्या घरचं असलं की शास्त्रज्ञाला तटस्थ राहणं फार सोपं जातं. दसरा होऊन आठवडा झाला असेल, माझ्या थोरल्या भावाचा फोन आला आणि माझं ते सुख संपलं.

भावाचं नाव रघुनाथ, पण सगळ्यांचा तो नाना. साक्री तालुक्यातलं कोठवण हे आमचं गाव आणि नाना तिथल्या बंधारा समितीचा अध्यक्ष.

"मंदा," तो म्हणाला, "शके सोळाशे सत्त्याऐंशी. त्या सालना पाऊस काढी दे माले."

आमच्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही ते साल ओळखतं.

आमची नदी लहान आहे, पुढे पांझरेला जाऊन मिळते. तिच्यावर दोन जुने दगडी बंधारे आहेत. वरचा कोठवणचा, त्याच्याखाली दोन कोसांवर निंबाळे गावाचा. बंधाऱ्यातलं पाणी पाटाने शेतांकडे जातं. गावची सगळी बागायत चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली असते, प्रत्येक तुकडीला फड म्हणतात, आणि प्रत्येक घराची एकेक पट्टी प्रत्येक फडात असते. पाणी कमी पडलं तर अख्खं गाव मिळून एक फड कोरडा ठेवतं. म्हणजे सुकायचं तर सगळ्यांचं थोडंथोडं सुकतं, कुणा एकाचं पुरतं वाटोळं होत नाही. ही पद्धत कुणी काढली ते कुणाला माहीत नाही. बहुधा म्हणूनच ती टिकली, नाहीतर तिला कुणाचं नाव द्यायचं यावरूनच आमच्या लोकांनी डोकी फोडली असती.

शके सोळाशे सत्त्याऐंशी साली, म्हणजे इंग्रजी सतराशे पासष्टला, निंबाळ्याचे चारही फड जळाले. अर्धं गाव उठून गेलं, ते परत आलं नाही. निंबाळेकरांचं म्हणणं, कोठवणने नदी अडवली. कोठवणचं म्हणणं, नदीला पाणीच नव्हतं, अडवणार काय, कपाळ? निंबाळेकरांनी मारुतीच्या देवळात त्या सालाचा दगड बसवला आणि तेव्हापासून दोन गावांत बेटीबंदी आहे. मुलगी द्यायची नाही, घ्यायची नाही. आमच्याकडचा माणूस निंबाळ्यातून जाताना उचकी लागली तरी पाणी मागत नाही.

एवढ्या वैरातही एक गोष्ट मात्र चालू राहिली. बंधाऱ्याच्या भिंतीत मोऱ्या असतात, पावसाळाभर त्या उघड्या. पावसाळा सरला की त्यांत बरगे बसवायचे, म्हणजे जाड फळ्या. पूर्वी सागवानी असत, आता लोखंडी आहेत. कोठवणने वरचे बरगे कधी टाकायचे, तर खालचा बंधारा भरल्यावर. तो भरला की निंबाळ्याचा एक माणूस नारळ घेऊन यायचा, आमच्या बंधाऱ्यावर ठेवायचा आणि एक शब्द न बोलता मागे फिरायचा. तो नारळ फोडून आमचे बरगे पडायचे. लहानपणी मी हा मुका माणूस दर साली पाहिलेला आहे. तो नारळ ठेवताना आमच्या आज्याकडे बघायचासुद्धा नाही.

आणि आता नानाची मुलगी ईश्वरी निंबाळ्याच्या हर्षल नांद्रेशी लग्न करायचं म्हणत होती. दोघं पशुवैद्यकीच्या कॉलेजात एकत्र होती. सहा वर्षं त्यांनी हे गुपित सांभाळलं, हेच मला नवल वाटलं. आमच्या खोऱ्यात म्हैस गाभण राहिली तरी संध्याकाळपर्यंत दोन गावांना कळतं.

"कलाबाई तयार शे," नाना सांगत होता. कलाबाई म्हणजे हर्षलची आजी, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आणि दोनदा सरपंच राहिलेली. निंबाळ्यात तिचा शब्द कुणी मोडत नाही. "ती म्हनी, तुन्ही बहीणनं यंतर काय सांगस ते दोन्ही गावं ऐकतीन. त्या साली नदीले पानी नव्हतं असं निंघनं, ते त्या दगड काढी टाकतीन. लगीनले बी हा म्हनतीन."

"आणि पाणी होतं असं निघालं तर?"

"कसं निंघी? नव्हतंच!"

आमच्या घरात या वाक्याला पुरावा लागत नाही. मी ते आईच्या मांडीवर बसून ऐकलेलं आहे.

मागोवाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचेच आहेत.

हवामानाचं प्रारूप म्हणजे संगणकात बसवलेली पृथ्वी. तिच्यात समुद्र असतात, वारे, बर्फ, जंगलं, सगळं भौतिकशास्त्राच्या नियमांनी चालणारं. गेल्या हजार वर्षांत सूर्याचं तेज किती कमीजास्त झालं आणि कुठला ज्वालामुखी कधी फुटला, हे तिला सांगायचं आणि सोडून द्यायचं. ती आपली वर्षामागून वर्षं जगत जाते. ज्वालामुखीचा गंधकाचा धूर वर गेला की पुढची एकदोन वर्षं ती थंडावते, अगदी खऱ्यासारखी. पण कुठलं साल ओलं आणि कुठलं कोरडं, हे एकट्या सूर्याच्या आणि ज्वालामुखीच्या हातात नसतं. समुद्राला स्वतःच्या लहरी आहेत. पॅसिफिक महासागर कधी वर्षभर तापून बसतो, कधी निवतो, आणि त्याच्या तब्येतीप्रमाणे आपला पावसाळा आक्रसतो किंवा फुगतो. दोन पृथ्व्या अगदी सारख्या सुरू करा, फक्त एकीत एका ठिकाणचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने वेगळं ठेवा. थोड्याच वर्षांत एकीत दुष्काळ तर दुसरीत त्याच साली महापूर. दोघींचंही गणित बरोबर. शतकात दुष्काळ साधारण किती आणि हेलकावे किती मोठे, यावर दोघींचं एकमत होतं. ते कुठल्या साली, यावर नाही. म्हणून कित्येक वर्षं आम्ही लोक या प्रारूपांना फक्त हेलकाव्यांबद्दल विचारायचो. अमक्या साली आमच्या खोऱ्यात काय झालं, हे विचारायची सोयच नव्हती.

मागोवाने ती सोय केली. एक नाही, हजार पृथ्व्या एकदम चालवायच्या. दर वर्षाच्या शेवटी त्यांची परीक्षा घ्यायची. प्रश्नपत्रिका निसर्गाने आधीच सोडवून ठेवलेली असते: सागाच्या खोडातली त्या सालाची जाड-बारीक वलयं, गुहांतल्या चुनखडीचे थर, समुद्रातली पोवळी, जुन्या जहाजांवर लिहिलेले वारे. ज्या पृथ्व्यांचं उत्तर याच्याशी जुळत नाही त्यांना घरी पाठवायचं आणि जुळलेल्यांच्या जुळ्या बहिणी, किंचित फरक करून, त्यांच्या जागी बसवायच्या. मग पुढचं वर्ष. असं करत हजार पृथ्व्या खऱ्या इतिहासाच्या जवळजवळ चालत राहतात. मग त्यांचं ढोबळ हवामान एकेका खोऱ्यापर्यंत बारीक करून घेता येतं.

जवळजवळ म्हटलं मी. हा शब्द ऐकायला मात्र कुणी आमच्याकडे येत नाही. त्यांना होय किंवा नाही हवं असतं आणि मागोवा सांगतो, हजारातल्या इतक्यांचं म्हणणं असं, इतक्यांचं तसं.

मी शके सोळाशे सत्त्याऐंशी काढलं. आमच्या खोऱ्यापर्यंत बारीक केलं.

साल बेताचं होतं. आषाढात ओढ, भाद्रपदात बरा पाऊस. हजारातल्या सुमारे सातशे पृथ्व्यांत पावसाळा सरताना नदी वाहत होती. दोन्ही बंधाऱ्यांना नाही, पण एक नीट भरून दुसऱ्याला निम्मं, इतकं पाणी तिला होतं. उरलेल्या तीनशेंत कार्तिकातच नदीची वाळू दिसत होती.

खालचा आधी भरायची रीत पाळली असती तर निंबाळ्याचा बंधारा भरला असता, म्हणजे दहात सात वेळा निंबाळेकर खरे होते.

आणखीही एक गोष्ट दिसली, ती कुणी विचारली नव्हती. गेल्या दीडशे वर्षांच्या मोजणीत आमच्या खोऱ्यात लागोपाठ दोन कोरडी सालं फार थोड्या वेळा आली. त्याआधीच्या शतकांत ती पुष्कळदा आलेली होती. कोरड्या सालाला पाठची बहीण असायची. पर्जन्यमापक बसवले तो काळच जरा शांत होता, आणि आपण त्यालाच नेहमीचा काळ समजून बसलो होतो. हे बघून मला त्या दगडापेक्षा जास्त भीती वाटली.

दिवाळी झाल्यावर ईश्वरी पुण्याला आली. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. "फुई, दाखव," म्हणाली आणि पर्ससुद्धा खांद्यावरून न काढता पडद्यासमोर बसली. मी तिला आकडे दाखवले. पोरगी हुशार, जास्त समजावावं लागलं नाही. ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

"ही एकेक पृथ्वी वेगळी बघता येते?"

"येते."

"एखादी कोरडी दाखव."

मी तीनशेंतली एक लावली. वरून दिसणारं आमचं खोरं, महिन्यामागून महिना सरकणारं. श्रावणात हिरवं, आश्विनात पिवळं, कार्तिकात नदीच्या जागी वाळूचा पट्टा. आवाज नाही, माणसं नाहीत.

"हे खोटं आहे का?" तिने विचारलं.

"नाही. शक्य आहे."

"मग एवढंच दाखव ना फुई. सभेत कोण विचारणार आहे बाकीच्या नऊशे नव्याण्णव कुठे गेल्या म्हणून?"

नानाही फोनवर होताच. "तेच दाव, मंदा. तू खोटं कोठे बोली ऱ्हायनी? शक्य शे म्हनस ना?"

खरं सांगते, मी विचार केला. एक रात्रभर नाही, पण त्या खुर्चीत बसून चांगला केला. दोन पोरांचं भलं होतंय, दोन गावांचं वैर मिटतंय, आणि ज्यांची बदनामी होईल असं कुणी जिवंत नाही. शास्त्रज्ञाने एवढी लबाडी केली तर आभाळ कोसळणार होतं का? पण त्या कर्नलला मी काय सांगितलं होतं? त्या मानकऱ्यांना? सगळ्यांना हजार दाखवायच्या आणि स्वतःच्या भाचीसाठी एक निवडायची, मग आमच्या यंत्रात आणि कौल लावणाऱ्या भगतात फरक तो काय राहिला?

"नाही दाखवणार," मी म्हटलं.

नानाने फोन आपटला. ईश्वरीचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही, चिडली.

"तुझ्याकडे हजार पृथ्व्या आहेत, फुई. मला एकच आहे."

"मग कोर्टात लग्न करा. कायद्याने कोण अडवतंय?"

"आणि आखाजीच्या सणाला कुठे जाऊ?" ती म्हणाली. "सगळ्या लेकी माहेरी येतील, झोके बांधतील, आणि मी धुळ्याच्या फ्लॅटमध्ये टीव्ही बघत बसू? मला हर्षल हवा आहे, आणि नानांचं दारही हवं आहे. दोन्ही हवं आहे."

मी तिला जवळ घेतलं, तर तिने अंग आखडून घेतलं.

सभा दोन्ही गावांच्या शिवेवर भरली, कारण कुणी कुणाच्या गावात जायला तयार नव्हतं. मांडव एकच, पण पाण्याचे जार दोन. कोठवणचा डावीकडे, निंबाळ्याचा उजवीकडे. मी गावाकडून गाडीने येताना नदी पाहिली होती. आमच्या बंधाऱ्याच्या वर पाणी चकाकत होतं, खाली नुसती वाळू. यंदाचा पाऊस हस्त नक्षत्रातच संपला होता, तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

कलाबाई पहिल्या रांगेत बसली होती. पांढरंशुभ्र लुगडं, चष्मा, हातात छत्री. तिच्या मागे हर्षल, मान खाली घालून. समोरच्या बाजूला नाना आणि ईश्वरी. दोघं पोरं एकमेकांकडे बघत नव्हती, आणि ते सगळं गाव बघत होतं.

मी पडद्यावर हजारही पृथ्व्या एकदम लावल्या. हजार छोटे चौकोन, प्रत्येकात आमचं खोरं. नदी वाहती असेल तर निळा, आटलेली असेल तर तांबडा. कार्तिक आला तसे चौकोन रंगत गेले आणि पडदा बराचसा निळा झाला.

"दहात सात वेळा नदीला पाणी होतं," मी म्हटलं. "दहात तीन वेळा नव्हतं. याच्यापेक्षा नक्की कुणालाच सांगता येणार नाही. आणि पाणी होतं म्हणजे ते कुणी अडवलं, हेही यंत्र सांगत नाही. त्याला फक्त पाऊस कळतो, माणसं कळत नाहीत."

उजवीकडून टाळ्या, शिट्ट्या. डावीकडून आरडाओरडा. आमच्याच भावकीतला दिगंबर उठून म्हणाला, "पुन्यामा ऱ्हाईसन निंबाळ्यानी व्हई गयी ही!" माझी पन्नास वर्षांची इज्जत त्याने एका वाक्यात धुऊन टाकली. नाना माझ्याकडे बघत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे.

कलाबाई उठली तसा मांडव गप्प झाला. तिने छत्रीचं टोक जमिनीला टेकवलं.

"डॉक्टरीणबाई, तुमचं मशीन चांगलं आहे," ती शाळेतल्या मराठीत म्हणाली. "अडीचशे वर्षांमागचं दाखवतं. मला त्यातलं एक कळत नाही. एवढ्या लांब जायचं कशाला?" मग ती माझ्यावरची नजर काढून नानाकडे वळली आणि तिची भाषाही वळली. "नाना, औंदा नारळ कोन फोडा?"

डावीकडच्या माना खाली गेल्या. मला आधी कळेना. मग कळलं. बंधाऱ्याच्या वर चकाकणारं पाणी, खाली वाळू. निंबाळ्याचा बंधारा यंदा भरलाच नव्हता. तो भरला नाही तर नारळ आला नसणार. आणि नारळ आला नाही, तर मी सकाळी पाहिलं ते पाणी अडलं कसं?

"पाऊसच नव्हता औंदा," दिगंबर पुटपुटला. "वाट देखतूत ते आम्हले बी उरतं नही."

"मी दिगंबरला विचारत नाही," कलाबाई म्हणाली.

ईश्वरी बापाकडे वळली. "नाना? बरगे कधी टाकले?"

"दसराना आगोदर," नाना म्हणाला.

"नारळ न येता?"

त्याने मान डोलावली. मला फोन आला तो दसऱ्यानंतर. म्हणजे खालचं पाणी तोडून, वर मलाच शके सोळाशे सत्त्याऐंशीचा निर्दोषपणा मागत होता माझा भाऊ. मला त्याचा इतका राग आला की तिथेच उठून दोन द्याव्यात असं वाटलं. आणि लगेच त्याची दयाही आली, कारण नाना वाईट माणूस नाही. पाऊस हस्तात थांबला, त्याने आभाळाकडे पाहिलं, आपल्या गावच्या चार फडांकडे पाहिलं आणि भ्याला. एवढंच.

तो उठला. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"तवय काय व्हयनं ते माले म्हाईत नही," तो म्हणाला. "मंदानं यंतरले बी म्हाईत नही. औंदानं म्हाईत शे. औंदा पानी मीन अडावं. बठ्ठा गावले म्हाईत व्हतं, पन बरगा टाका असं मीन सांगं."

सगळ्या गावाला माहीत असूनही दोष त्याने एकट्याने अंगावर घेतला. उजवीकडून कुणीही टाळी वाजवली नाही. टाळ्या वाजवायला त्यांच्याकडे भरपूर कारण होतं, तरी नाही.

"बरगा काढसूत," नाना म्हणाला. "निम्मा. गहूना फड कोरडा ठेवसूत."

आता डावी बाजू उसळली. गव्हाच्या फडात प्रत्येक घराची पट्टी होती, म्हणजे प्रत्येकाचा गहू जाणार होता. "एक पोरगीकरता बठ्ठा गावनं पानी देतस का?" कुणीतरी ओरडलं. कुणी मला विचारलं, पुढच्या साली तरी पाऊस बरा आहे का, तेवढं सांगा, मग ठरवू. मी म्हटलं, "मागोवा मागचं बघतो, पुढचं नाही. एवढं मात्र दिसतं, की कोरड्या सालाच्या पाठीवर कोरडं साल पूर्वी पुष्कळदा आलंय. पुढच्या साली तुम्हीही गरजू असाल, तेही असतील. तेव्हा नारळाची रीत शिल्लक असलेली बरी." शास्त्रज्ञ म्हणून माझं बोलणं तिथे संपलं.

ईश्वरी उठली. तिचा आवाज कापत होता. "लग्नासाठी नको," ती म्हणाली. "माझ्या लग्नाचं नाव यात घेऊ नका. लग्न झालं नाही तरी पाणी सोडा. ते त्यांचंच आहे."

हर्षलने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या तोंडावरून कळत होतं, की पोरीने काय पणाला लावलं ते त्याला कळलंय.

नानाने समितीत करतात तसं मत मागितलं. सगळे हात वर गेले, असं सांगायला मला आवडलं असतं. दिगंबर तर पाय आपटत मांडवाबाहेर निघून गेला, त्याच्यामागे आणखी बरेच गेले. पण उरलेल्यांचे हात हळूहळू वर आले, आधी बायकांचे, मग त्यांच्याकडे बघून पुरुषांचे, आणि ते निम्म्याहून जास्त होते.

बरगे काढायचं यंत्र तालुक्याहून मागवायला हवं होतं. उद्या मागवू, कुणी म्हणालं. "उद्या निम्मी माणसं मत बदलतील," कलाबाई म्हणाली, आणि छत्री टेकत बंधाऱ्याच्या दिशेने चालू लागली. तिच्यामागे दोन्ही गावं निघाली. निंबाळ्याची माणसं कोठवणच्या बंधाऱ्यावर एवढ्या संख्येने कधी आली असतील, हे मागोवालाही सांगता येणार नाही.

भिंतीवर चढताना कलाबाईला धाप लागली. ईश्वरीने न बोलता तिचा दंड धरला. म्हातारीने तो धरू दिला.

"दगड काढणार नाही आम्ही," ती वर पोचल्यावर ईश्वरीला म्हणाली. "दहात सात म्हणजे दगड राहील. आणि उद्या औंदाचाही बसवला असता मी." मग जरा श्वास घेऊन, "तुळशीचं लगीन झालं की साखरपुड्याला येऊ. तुझ्या बापाला सांग, मानपान नको."

ईश्वरी मग रडली. मीही रडले. कारण लपवायचं काही नव्हतं, आणि माझं वय झालं आहे.

पहिला बरगा हर्षल आणि चारपाच पोरांनी आकडे अडकवून ओढून काढला. मोरीतून पाणी फुटलं, आणि खालच्या वाळूवर पसरत, थबकत, पुढे निघालं. दुसरा निघाला. तिसरा पाण्याच्या दाबाने असा बसला होता की हलेना. नानाने सदरा काढून भिंतीवर ठेवला आणि एकसष्टाव्या वर्षी, कुणाचं न ऐकता, कमरेएवढ्या गार पाण्यात उतरला. निंबाळ्याचा एक माणूस त्याच्यामागोमाग उतरला. दोघांनी मिळून खालून दोर अडकवला.

मी वर उभी राहून हिशोब करत होते: या मोऱ्यांतून किती पाणी जाईल, खालचा बंधारा किती दिवसांत किती भरेल, वाटेत वाळू किती पिईल. आणखी अडीचशे वर्षांनी माझ्यासारखीच कुणी बाई हे साल काढील, तिला आमचा पाऊस बोटभर चुकीने कळेल, आणि आज इथे काय झालं, हे तिला कधी कळणार नाही.

"मंदा!" खालून नाना ओरडला. त्याचे दात वाजत होते. "तुन्या पृथ्व्या ऱ्हाऊ दे. दोर धर!"

मी दोर धरला.